जुन्या ट्रॅक्टरला मागचा टायर कोणता बसतो? खरेदीआधी रिमवर काय बघायचं?

आजोबांच्या काळातला मॅसी गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उभा असतो. एक दिवस घरातलं कुणीतरी तो पुन्हा चालू करायचं मनावर घेतं. इंजिन खोललं जातं, डिझेलची टाकी साफ होते, बॅटरी नवी येते आणि एका सकाळी ट्रॅक्टर धूर सोडत सुरू होतो. सगळे खूश! मग लक्ष जातं मागच्या टायरकडे. बाजूला भेगा पडलेल्या, नक्षी झिजून सपाट झालेली.

आता नवीन टायर घ्यायचा तर कोणता? ट्रॅक्टरसोबत आलेल्या जुन्या पुस्तिकेत लिहिलंय ११-२८. चाकावर बसलेल्या टायरवर आकडा आहे १३.६-२८. आणि दुकानदार म्हणतो, "याला १२.४-२८ लागतो."

तीन आकडे, तीन उत्तरं. मग खरं कुणाचं?

थोडक्यात सांगायचं तर पुस्तिका आणि दुकानदार एकच गोष्ट सांगतायत. ११-२८ आणि १२.४-२८ हा एकच साइज आहे, फक्त नाव बदललंय. चाकावर बसलेला १३.६-२८ मात्र खरंच वेगळा टायर आहे. तो तिथे बरोबर बसलाय की कुणी जबरदस्तीने बसवलाय, हे ट्रॅक्टरच्या नावावरून कळत नाही. ते कळतं रिमवरून.

मॉडेलचं नाव सांगून भागत का नाही?

भारतात ट्रॅक्टर बनायला लागले ते १९५९ च्या सुमारास. त्या वर्षी फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये टॅफे सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत भागीदारी केली आणि मुंबईतल्या कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडू लागला. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीने झेटरच्या तंत्रज्ञानावर ट्रॅक्टर बनवायला घेतला आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्सने फोर्ड ३००० आणला. त्याआधी इंग्लंड-अमेरिकेतून आयात झालेले फर्ग्युसनसारखे ट्रॅक्टर होतेच.

म्हणजे यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांचं वय आज ४५ ते ६५ वर्षं आहे. एवढ्या काळात ट्रॅक्टर तीन-चार मालकांच्या हातून गेलेला असतो. कुणी रिम गंजला म्हणून भंगारातून दुसरा आणून लावला, कुणी जास्त ओढ मिळावी म्हणून मोठा टायर चढवला, तर कुणी एका बाजूचं अख्खं चाकच बदललं.

शिवाय कंपनीतून निघतानाही एकाच मॉडेलला दोन-तीन साइजचे टायर मिळायचे. राखाडी रंगाचा फर्ग्युसन टीई-२० (१९४६ ते १९५६) १०-२८ टायरवर यायचा, पण त्याला ११-२८ चा पर्यायही होता.

म्हणून दुकानात जाऊन फक्त "मॅसी ३५ चा मागचा टायर द्या" म्हणणं धोक्याचं आहे. ट्रॅक्टर मॅसीच असेल, पण त्याचं चाक मॅसीचंच राहिलंय याची खात्री नसते.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

१२.४-२८ हे उदाहरण घेऊ.

पहिला आकडा म्हणजे हवा भरलेल्या टायरची रुंदी, इंचात. म्हणजे साधारण १२.४ इंच.

दुसरा आकडा म्हणजे टायर ज्या रिमवर बसतो त्याचा व्यास, तोही इंचात. म्हणजे २८ इंच.

मधली आडवी रेघ सांगते की टायर साध्या म्हणजे बायस प्रकारचा आहे. रेघेच्या जागी 'आर' असेल तर टायर रेडियल आहे. रेडियलमध्ये हवा बरोबर असली तरी खालची बाजू फुगलेली दिसते, त्यामुळे हवा कमी आहे असं समजून जास्त भरू नये. मागच्या दोन चाकांपैकी एकाला बायस आणि दुसऱ्याला रेडियल असं कधीही करायचं नाही.

त्यापुढे ८ पीआर, १२ पीआर असं लिहिलेलं असतं. हा प्लाय रेटिंगचा आकडा. आजच्या टायरमध्ये आत तेवढे थर असतातच असं नाही. टायर किती वजन पेलेल याचं ते माप आहे. ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जुन्यापेक्षा कमी पीआरचा टायर घेऊ नये.

काही नव्या टायरवर मिलिमीटरमधला साइज असतो. ३२०/८५ आर २८ म्हणजे १२.४ आर २८ च्या जागी बसणारा आणि ३४०/८५ आर २८ म्हणजे १३.६ आर २८ च्या जागी बसणारा टायर.

११-२८ चा १२.४-२८ कसा झाला?

सुरुवातीला ट्रॅक्टरचे रिम अरुंद असायचे. त्या रिमवर टायर जेवढा रुंद भरायचा, तेवढा आकडा त्याला मिळायचा. पुढे रुंद रिम आले. तोच टायर रुंद रिमवर बसवला की त्याच्या बाजू जास्त फाकतात आणि माप वाढतं. म्हणून १९५० च्या दशकात आकडे नव्याने ठरवले गेले. टायर तोच, नाव नवं.

जुन्या पुस्तिकेतला साइज आणि दुकानात मागायचा साइज असा जुळतो:

- १०-२८ म्हणजे आताचा ११.२-२८
- ११-२८ म्हणजे आताचा १२.४-२८
- १२-२८ म्हणजे आताचा १३.६-२८
- १३-२८ म्हणजे आताचा १४.९-२८

काही टायरवर दोन्ही नावं छापलेली असतात, जसं १२.४/११-२८. अशा वेळी गोंधळायचं कारण नाही.

मग रिम कसा मोजायचा?

बऱ्याच रिमवर साइज ठोकलेला असतो. गंज आणि रंगाचे थर तारेच्या ब्रशने घासून काढले की व्हॉल्व्हच्या भोकाजवळ किंवा आतल्या बाजूला 'डब्ल्यू ११ × २८' असं काहीतरी दिसतं. यातला ११ हा रिमच्या रुंदीचा आकडा आणि २८ हा व्यास.

आकडा दिसलाच नाही तर मोजपट्टी लागते, आणि चूक होते ती इथेच. रिमची रुंदी बाहेरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजायची नसते. टायर काढून रिमच्या दोन उभ्या कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजायचं. ते २८ सेंटीमीटरच्या आसपास आलं तर रिम ११ इंची, साडेतीस सेंटीमीटर आलं तर १२ इंची.

व्यासाचंही तसंच. २८ इंच म्हणजे टायरची कडा रिमवर जिथे टेकते तिथला व्यास. बाहेरच्या कडेवरून मोजलं तर आकडा २८ पेक्षा मोठा येतो आणि माणूस भलताच टायर मागवून बसतो.

कोणत्या टायरला कोणता रिम योग्य, हे असं लक्षात ठेवता येईल:

- ११.२-२८ ला डब्ल्यू १०
- १२.४-२८ ला डब्ल्यू ११
- १३.६-२८ ला डब्ल्यू १२
- १४.९-२८ ला डब्ल्यू १३

रुंदीत एखादा इंच इकडेतिकडे चालू शकतो. १२.४ चा टायर १० इंची रिमवर किंवा १३.६ चा टायर ११ इंची रिमवर वापरला जातो. पण त्यापुढे ताणू नये. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की बाजू आत ओढल्या जातात, टायर मधोमध गोल होतो आणि जमिनीला फक्त मधला भाग टेकतो. म्हणजे पैसे रुंद टायरचे दिले, पकड मात्र अरुंद टायरची मिळाली!

व्यासात मात्र कोणतीही सवलत नाही. २८ च्या रिमवर २८ चाच टायर. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरला ८-३२ टायर होते आणि पुढे १०-२८ आले. ३२ चा टायर मिळत नाही म्हणून कुणाला २८ चा टायर लावायचा असेल तर रिमही २८ चाच लागतो. दुसरा मार्ग नाही.

एक नंबर मोठा टायर टाकला तर काय बिघडतं?

गावोगावी हा सल्ला मिळतो, "१२.४ काढ, १३.६ टाक, ओढ वाढते." यात अर्धंच खरं आहे.

रुंद टायर जास्त जमीन धरतो, त्यामुळे घसरण कमी होते, हे बरोबर. पण १३.६-२८ हा १२.४-२८ पेक्षा उंचीलाही जास्त असतो. एकूण व्यासात साधारण ५ सेंटीमीटरचा, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांचा फरक पडतो. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअरमध्ये ट्रॅक्टर तेवढा जास्त पळतो आणि चाकाची ओढण्याची ताकद तेवढीच कमी होते. ताशी २५ किलोमीटरचा वेग २६ होतो. ३५ हॉर्सपॉवरच्या जुन्या इंजिनाला खालच्या गिअरमध्ये हा फरक जाणवतो.

दुसरी अडचण जागेची. टायर आणि मडगार्ड, तसंच टायर आणि हायड्रॉलिकच्या बाजूच्या दांड्या यांच्यात किती अंतर उरतं ते बघावं लागतं. शेतात चिखल भरला की आधीच कमी असलेली ही फट पूर्ण बुजते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच टायर बदलणं. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत झालेला टायर असेल तर दोन्ही चाकांचा घेर वेगळा होतो. मग सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत फरक भरून काढावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलचं काम निघालं तर टायरवर वाचवलेले पैसे तिथेच जातात. मागचे टायर जोडीने बदला. अगदीच एक घ्यायचा असेल तर झीज जुळणारा वापरलेला टायर शोधा.

चाकाची डिस्क आणि बोल्टही जुळले पाहिजेत

मागच्या चाकाचे मुख्य दोन भाग असतात. बाहेरचा गोल रिम आणि मधली डिस्क. डिस्क हबला बोल्टने बसते आणि रिम डिस्कला. त्यामुळे रिम सडला असेल पण डिस्क चांगली असेल तर अख्खं चाक घ्यायची गरज नसते.

भंगारातून चाक आणायचं असेल तर तीन मापं घेऊनच निघा:

१. हबवर बोल्ट किती आहेत.
२. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर.
३. डिस्कच्या मधल्या मोठ्या भोकाचा व्यास.

दिसण्यावर जाऊ नका. फोर्ड ९एन आणि ८एन शेजारी उभे केले तर नवख्या माणसाला जुळे भाऊ वाटतात. पण ९एनचं मागचं चाक ६ बोल्टांवर आहे आणि ८एनचं ८ बोल्टांवर. एकाचं चाक दुसऱ्याला बसत नाही.

डिस्क आणि रिम वेगळे असण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही उलटसुलट बसवून मागच्या चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. फर्ग्युसन टीई-२० मध्ये हे अंतर ४८ ते ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांच्या टप्प्यांनी बदलता यायचं. कापूस किंवा सोयाबीनच्या ओळींतून कोळपणी करणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको.

फक्त चाकं फिरवताना टायरची दिशा बघायची. टायरवर बाण असतो, तो पुढच्या दिशेला हवा. बाण दिसत नसेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून टायरकडे बघा. नक्षीतल्या तिरप्या जाड पट्ट्यांचं टोक वरच्या बाजूला दिसलं पाहिजे. ते उलटं असेल तर टायर माती झटकण्याऐवजी धरून ठेवतो.

कोणत्या कामाला कोणती नक्षी?

नांगरट, पेरणी, रोटाव्हेटर आणि थोडीफार वाहतूक अशा कामांसाठी आर-१ नक्षीचा टायर असतो. बहुतेक ट्रॅक्टरवर तोच दिसतो.

आर-२ नक्षीचे पट्टे त्याच्या साधारण दुप्पट उंच असतात. तो पाणथळ जमिनीसाठी, म्हणजे भाताच्या चिखलणीसाठी. कोकणात किंवा पूर्व विदर्भात याचा उपयोग होतो. पण हाच टायर रोज डांबरी रस्त्यावर पळवला तर उंच पट्टे लवकर झिजतात.

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम आला की ट्रॅक्टर शेतापेक्षा रस्त्यावर जास्त असतो. उसाच्या ट्रॉल्या ओढताना टायरचा मधला भाग आधी जातो. अशा ट्रॅक्टरला हवेचं प्रमाण शेतात वेगळं आणि रस्त्यावर वेगळं लागतं. शेतात कमी हवा असेल तर टायर जास्त जमीन धरतो, रस्त्यावर वजन ओढताना तीच हवा टायरच्या बाजू चिरडते. योग्य आकडा पुस्तिकेत किंवा टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतो. अंदाजाने भरू नका.

वापरलेला टायर घेताना काय तपासायचं?

नक्षी किती उरलीय ते सगळेच बघतात. पण जुन्या टायरमध्ये रबराचं वय जास्त महत्त्वाचं. उन्हात उभा राहिलेला टायर नक्षी शाबूत असतानाही आतून संपलेला असू शकतो.

- बऱ्याच टायरवर चार अंकी तारीख असते. २२१९ म्हणजे २०१९ सालचा २२ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा.
- पट्ट्यांच्या मुळाशी आणि बाजूला भेगा आहेत का ते बघा. भेगेतून आतला धागा दिसला तर टायर नको.
- टायरची आतली कडा, जिथे तो रिमवर बसतो, ती फाटलेली किंवा आतली तार उघडी पडलेली नको.
- आत हात फिरवून पॅच आणि फुगवटा तपासा.
- रिमोल्ड असेल तर वरच्या रबरासोबत खालच्या सांगाड्याचंही वय विचारा.

नवा टायर घेताना बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. बिलावर किती लावलाय ते तपासता येतं, आणि टायर लवकर खराब झाला तर तक्रारीलाही तेच बिल लागतं.

टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग का करायचं नाही?

जुन्या रिममध्ये गंज लागतो तो बहुतेक व्हॉल्व्हच्या भोकापाशी. याला कारण पाणी. मागच्या चाकाला वजन मिळावं म्हणून ट्यूबमध्ये पाणी भरतात. व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण ७५ टक्के भरतो. १२.४-२८ मध्ये सुमारे दीडशे लिटर, म्हणजे एका चाकात जवळपास दीडशे किलो वजन. व्हॉल्व्ह गळायला लागला की तेच पाणी रिम खातं.

मग रिमला भोक पडतं आणि कुणीतरी म्हणतं, "टायर कशाला काढायचा, हवा सोडून वेल्डिंग मारून घेऊ." हे करायचं नाही. हवा सोडलेली असली तरीही नाही. रिम तापला की आतल्या रबरातून पेट घेणारे वायू निघतात. ते टायरच्या पोकळीत साठतात आणि टायर स्फोट होऊन फुटतो. समोर वाकून काम करणाऱ्या माणसाला वाचायची संधी मिळत नाही. वेल्डिंग करायचंच असेल तर टायर आणि ट्यूब पूर्ण काढा. भोवतीचा पत्रा पातळ झाला असेल तर ठिगळ न लावता रिमच बदला.

नवीन टायर बसवतानाही अशीच काळजी लागते. टायरची कडा रिमवर बसत नसेल तर हवा वाढवत नेण्याचा मोह होतो. शेतीच्या टायरला कडा बसवताना साधारणपणे ३५ पीएसआयच्या वर जायचं नसतं. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडा, कडेला साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. हवा भरताना टायरच्या समोर उभं राहू नका, बाजूला थांबा.

आणि पाणी भरलेलं चाक जॅकवर काढायचं असेल तर आधी पाणी सोडा. भरलेलं चाक कलंडलं तर दोन माणसांनाही आवरत नाही. पुढच्या चाकांना दगड लावा आणि फक्त जॅकच्या भरवशावर राहू नका, एक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या.

दुकानात जाण्याआधी मोबाइलमध्ये एवढं असू द्या

- दोन्ही मागच्या टायरवरच्या साइजचे फोटो, वेगवेगळे. दोन बाजूंचे साइज वेगळे निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.
- दोन्ही रिमवर ठोकलेला आकडा किंवा आतून मोजलेली रुंदी.
- पुस्तिकेतला मूळ साइज आणि त्याचं आजचं नाव.
- चाक बदलायचं असेल तर बोल्टांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि मधल्या भोकाचा व्यास.
- टायर आणि मडगार्डमधली फट किती आहे ते माप.
- ट्रॅक्टर जास्त कशाला वापरणार आहात. नांगरट, चिखलणी की ट्रॉली.

नवीन चाक बसवल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळा. नवा रंग आणि गंजाचे पापुद्रे दाबले जाऊन नट ढिले होतात आणि ढिल्या नटांमुळे डिस्कची भोकं अंडाकृती होतात. मग चांगल्या टायरखालचं चाकच बदलावं लागतं.